मुलांच्या फोनवर आलेलं मोर्चाचं आवतण

दुपारचा_तास

नववी-दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. दहावीच्या पुस्तकात 'सामाजिक व राजकीय चळवळी' असं एक अख्खं प्रकरण आहे. शेतकरी चळवळ, आदिवासी चळवळ, पर्यावरण चळवळ... मुलं टिपा लिहितात, पूर्ण गुण घेऊन जातात. त्यातल्याच एखाद्याने "बाई, मी जाऊ का आंदोलनाला?" असं विचारलं की घरचे विषय बदलतात, शाळा विषय बदलते, आणि मीही त्यातलीच.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळ पेटलं तेव्हा वर्गाला माझ्याआधी सगळं ठाऊक होतं. ४ तारखेला तिथल्या सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. ८ ला पोरं काठमांडूच्या रस्त्यावर आली आणि त्या एका दिवसात १९ जीव गेले. ९ ला पंतप्रधान ओली पायउतार झाले. 'गणवेशात या, पुस्तकं बरोबर घ्या' असं आवाहन समाजमाध्यमांवर फिरलं होतं आणि मुलं खरंच तशी आली होती. मेलेल्यांत शाळकरी मुलंही होती. हंगामी पंतप्रधान कोण हवं याची चर्चा आणि मतचाचणी डिस्कॉर्डवर झाली, १२ ला सुशीला कार्कींनी शपथ घेतली. वर्गातला एकजण म्हणाला, "बाई, गेम खेळायच्या ॲपवर पंतप्रधान ठरला!" तो खूश होता. मला धसका बसला होता.

त्याच आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मुलांना राजकारणापासून दूर ठेवा' असा निरोप आला. ज्यांनी पाठवला त्यांच्या डीपीवर स्थानिक नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. असो.

आपल्याकडे असं काही घडलंच नाही असं कोणी म्हणू नये म्हणून आठवण करून देते. ३१ जानेवारी २०२२. दहावी-बारावीच्या परीक्षा ऑनलाइन घ्या म्हणत शेकडो मुलं धारावीत, तेव्हाच्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या घराबाहेर जमली. नागपुरातही मुलं रस्त्यावर आली, बसच्या काचा फुटल्या. ना कुठली विद्यार्थी संघटना, ना पत्रक. 'हिंदुस्थानी भाऊ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यूट्यूबरचे व्हिडिओ होते. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला अटक केली, पुढे जामीन झाला. परीक्षा मार्चमध्ये ठरल्याप्रमाणे लेखीच झाल्या.

आंदोलन चांगलं की वाईट यावर धागा काढत नाहीये. माझा प्रश्न असा: पूर्वी मोर्चाचं आवतण घरातून, गल्लीतून, संघटनेतून यायचं. बोलावणारा माणूस कोण, कुठे राहतो, हे आईबापांना माहीत असायचं. आता ते थेट मुलाच्या हातात येतं आणि बोलावणारा भलत्याच शहरात असतो. अशा वेळी मुलाला काय सांगायचं? 'जाऊ नकोस' सोडून दुसरं काही?

चहाटळ

पहिला! आमच्या चिरंजीवांनी वायफायचा पासवर्ड बदलल्याच्या निषेधार्थ जेवणावर बहिष्कार टाकला होता. पावभाजी केली, आंदोलन मागे घेतलं. बाकी चालू द्या, वाचतोय.

स्पष्टवक्ता_नाना

बाई, 'जाऊ नकोस' हेच सांगायचं. कठीण काय आहे त्यात? मत द्यायला १८ लागतात, गाडी चालवायला १८ लागतात. दगड लागला, गुन्हा नोंदला गेला, तर आयुष्यभराचं लचांड मुलाच्या गळ्यात. बोलावणारे नामानिराळे. दिल्लीत नागरिकत्व कायद्याविरुद्ध शाहीनबागेत धरणं चालू होतं, तिथे थंडीत नेलेलं चार महिन्यांचं बाळ दगावलं, आठवतंय ना? त्यावर मुंबईतल्याच एका शौर्य पुरस्कार मिळालेल्या शाळकरी मुलीने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं की मुलांना आंदोलनात आणणं थांबवा. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राची दखल घेतली. एका मुलीला जे कळतं ते मोठ्यांना कळू नये?

उंबरठा

नाना, पण त्या मुलीचं पत्र म्हणजे तरी काय होतं? एका सार्वजनिक प्रश्नावर शाळेतल्या मुलीने देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे आपलं म्हणणं मांडलं आणि ते ऐकलं गेलं. तिला नाही कोणी सांगितलं की आधी १८ ची हो.

स्पष्टवक्ता_नाना

पत्र लिहिणं वेगळं, रस्त्यावर उतरणं वेगळं. मुलांनी बोलूच नये असं मी कुठे म्हटलं?

बारावी_२०२२

मी त्या वर्षी बारावीला होतो. आमच्या शहरातही मुलं जमली होती, त्यात मी होतो. धारावीतला नाही.

सगळे म्हणतात पोरांना भडकवलं. व्हिडिओ बघूनच गेलो, खोटं कशाला बोलू. पण त्याआधीचं कोणी सांगत नाही. घरात एक फोन, तो माझा आणि धाकट्या बहिणीचा मिळून. तिचा तास असला की माझा बुडायचा. रेंजसाठी गच्चीवर. अकरावी अशी गेली की कॉलेजची इमारत नीट बघितली नाही. लिहायची सवय पार गेली होती, तीन तास हात चालेल का याची भीती होती. कॉलेजला अर्ज दिला होता, वीसेक जणांच्या सह्या होत्या, त्याचं पुढे काय झालं कळलं नाही. मग एक माणूस स्क्रीनवर आला आणि म्हणाला तुमच्यावर अन्याय होतोय. दोन वर्षांत एवढं तरी कोण म्हणालं होतं?

पळापळ झाली तेव्हा चप्पल तिथेच राहिली. पेपर लेखी दिले. पास झालो. मागणी बरोबर होती असं आज म्हणणार नाही. पण 'भडकवलं' म्हटलं की आमचं जे काही म्हणणं होतं ते त्या एका माणसाच्या खात्यात जमा होतं. राग त्याचा येतो.

दुपारचा_तास

बारावी_२०२२, हे लिहिलंत ते बरं केलंत. तो अर्ज कोणी वाचला असता तर मुलं त्या व्हिडिओपर्यंत गेली असती का, हा प्रश्न आम्हा शिक्षकांनी स्वतःला कधी विचारला नाही.

गोदेकाठी

नाशिकची गोष्ट सांगतो, यात इन्स्टाग्राम नाही. इगतपुरी तालुक्यात भाम धरणामुळे उठलेल्या दरेवाडीच्या लोकांची शाळा. २०२२ मध्ये ती बंद करून मुलांना लांबच्या शाळेत जायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये मुलं गावकऱ्यांबरोबर थेट नाशकात जिल्हा परिषदेवर आली. बरोबर शेळ्या-बकऱ्या. म्हणणं एवढंच: दप्तर घ्या, बकऱ्या द्या. शिकवणार नसाल तर वळायला तरी द्या. शाळा लगेच पुन्हा सुरू झाली.

कल्पना मोठ्यांची होती, कष्टकऱ्यांची संघटना बरोबर होती, हे मान्य. मुलांना पुढे केलं असं कोणी म्हणू शकेल. पण शाळा कोणाची बंद झाली होती? ओढा ओलांडून रोज कोण जाणार होतं? त्यांनी नाही यायचं तर कोणी यायचं?

स्पष्टवक्ता_नाना

हे पटतं. स्वतःच्या शाळेचा प्रश्न, बरोबर गावातली माणसं, संध्याकाळी सगळे घरी. याला माझा विरोध नाही. एसटी वेळेवर येत नाही म्हणून मुलं आगारासमोर बसतात त्यालाही नाही. माझा विरोध तुमच्या त्या डिस्कॉर्डला.

नंदुरबारी

गावचा म्हणून लिहितो. आमच्याकडे भर वस्तीत शिरीषकुमारांचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२, हातात झेंडा, वय १५. त्या दिवशी गोळीबारात शिरीषकुमार मेहतांबरोबर आणखी चार मुलं गेली. दरवर्षी शाळा-शाळांतून भाषणं होतात, मीही पाठ करून केलंय, दुसरा नंबर आला होता. बक्षीस देणारे पाहुणे शेवटी हमखास सांगायचे, 'बाळांनो, अभ्यासाकडे लक्ष द्या, नसत्या भानगडीत पडू नका.' व्यासपीठामागे शिरीषकुमारांचा फोटो.

आता मोठा झाल्यावर वेगळंच डोक्यात येतं. त्या पाच घरांत त्या रात्री काय झालं असेल, यावर मी एकही भाषण ऐकलं नाही. म्हणून नानांची भीतीही मला खोटी वाटत नाही.

पद्मेपल्याड

२०१८ मध्ये मी ढाक्यात कापडधंद्यात नोकरीला होतो. तिथे बरेच मराठी टेक्स्टाइलवाले असायचे. मुलांचं आंदोलन म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२९ जुलैला विमानतळाच्या रस्त्यावर शर्यत लावून धावणाऱ्या बसपैकी एक थांब्यावरच्या मुलांच्या अंगावर गेली. एक मुलगा, एक मुलगी जागच्या जागी संपले. पत्रकारांनी तिथले नौकानयन मंत्री शाजहान खान यांना विचारलं. हे गृहस्थ वाहतूक कामगारांचेही पुढारी. ते हसत हसत म्हणाले, भारतात महाराष्ट्रात अपघातात ३३ माणसं गेली, तिथे कोणी एवढं बोलतं का? ते कशाबद्दल बोलत होते ते आम्हा मराठी लोकांना लगेच कळलं. आदल्याच दिवशी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची सहलीची बस दरीत कोसळली होती. एक सोडून सगळे गेले होते. आपलं दुःख दुसऱ्या देशातल्या मंत्र्याने असं ढालीसारखं वापरलेलं ऐकून आम्हीच गार पडलो.

तो हसरा चेहरा फेसबुकवर फिरला आणि दुसऱ्या दिवसापासून ढाका मुलांच्या ताब्यात गेलं. शब्दशः. निळे-पांढरे गणवेश, पाठीवर दप्तरं, धो धो पाऊस. तेरा-चौदा वर्षांची पोरं गाडी थांबवून परवाना मागायची. आमच्या कंपनीच्या ड्रायव्हरलाही थांबवलं, कागद बघितले, 'थँक्यू अंकल' म्हणून सोडलं. पोलिसांच्याच गाड्या परवान्याविना सापडल्या. उलट्या बाजूने येणारी एका ज्येष्ठ मंत्र्याची गाडी पोरांनी माघारी वळवली. रिक्षा एका रांगेत लावल्या, रुग्णवाहिकेसाठी वेगळी मार्गिका मोकळी ठेवली. ढाक्याची वाहतूक ज्याने पाहिलीय त्यालाच याचं मोल कळेल.

मग ४ ऑगस्ट आला. हेल्मेट घातलेली माणसं काठ्या घेऊन मुलांवर आणि पत्रकारांवर धावली. त्याच दिवशी खून आणि बलात्कार झाल्याची अफवा पसरली, एका अभिनेत्रीने फेसबुक लाइव्हवर तीच सांगितली आणि तिला अटक झाली. सरकारने मोबाइल इंटरनेट मंद केलं. मग तर खरं काय नि खोटं काय हे कळायची सोयच उरली नाही. माझ्या शेजारणीचा मुलगा बाहेर होता, तिला फोन लागेना. ५ तारखेला छायाचित्रकार शाहिदुल आलम यांना घरातून नेलं, शंभरावर दिवस तुरुंगात ठेवलं. सप्टेंबरमध्ये नवा रस्ता वाहतूक कायदा मंजूर झाला.

म्हणजे ज्या फेसबुकने मुलांना एकत्र आणलं त्याच फेसबुकने अफवा पसरवली. आणि ज्या पोरांनी तेव्हा परवाने तपासले ती २०२४ च्या जुलैत कॉलेजात होती. त्या वेळच्या विद्यार्थी आंदोलनात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात १,४०० पर्यंत बळींचा अंदाज आहे, त्यातली १२-१३ टक्के मुलं. मला कोणी विचारलं की मुलांनी उतरावं का, तर २०१८ चा पहिला आठवडा आठवून 'हो' म्हणावंसं वाटतं. ४ ऑगस्ट आठवला की तोंड बंद होतं.

उंबरठा

काय प्रतिसाद आहे! स्वतंत्र लेख करा याचा.

चहाटळ

आंबेनळीचं माहीत नव्हतं. आज विनोद नाही.

मेलबर्नकर

इकडचं, ऑस्ट्रेलियाचं सांगते. १० डिसेंबर २०२५ पासून १६ खालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब वगैरेंवर खातं ठेवता येत नाही. दंड कंपनीला, मुलाला किंवा पालकाला नाही. बंदी लागू व्हायच्या आधीच १५ वर्षांची दोन मुलं इथल्या हाय कोर्टात, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यांचं म्हणणं, राजकीय संवादाचं जे स्वातंत्र्य इथल्या घटनेत गृहीत आहे ते आम्हालाही आहे. दोन-तीन वर्षांनी आम्ही मत देणार, तोवर ऐकायचं-बोलायचं कुठे?

माझी लेक चौदाची. बंदीनंतर झोप सुधारली, हे आई म्हणून कबूल. पण २०१८ मध्ये हवामानासाठी शाळा बुडवून मुलं चौकात आली तेव्हा पंतप्रधान मॉरिसन यांनी संसदेत चळवळीपेक्षा शिक्षणाकडे लक्ष द्या असंच सुनावलं होतं, तेही मी विसरले नाही. पुढे आठ मुलं सरकारविरुद्ध कोर्टात गेली, त्यातली पुढाकार घेणारी मेलबर्नची, भारतीय वंशाची. २०२१ मध्ये जिंकली, २०२२ मध्ये अपिलात हरली. ही मुलं खात्यांवाचून एकमेकांना सापडली असती का, कोण जाणे. भारतातही १८ खालच्यांसाठी पालकांची खातरजमा केलेली संमती लागणार ना, नव्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात? तिथल्या एखाद्या मुलीचे वडील 'राजकारण नको' म्हणणारे निघाले तर?

काळा_कोट

लागणार, २०२३ च्या कायद्यात तरतूद आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, ती बाब टप्प्याटप्प्याने लागू होईल.

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण वर १८ चा आकडा सारखा येतोय. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क 'नागरिकांना' दिलाय. वयाची अट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या १५ व्या कलमात मुलांना शांततापूर्ण सभेचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे, आणि भारत १९९२ पासून त्या संहितेत सामील आहे.

गंमत पुढे. निवडणूक प्रचारात मुलं वापरू नका, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये सांगितलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने त्याच आदेशाचा दाखला देऊन पक्षांना तंबी दिली: पत्रकं वाटणं नको, घोषणा नकोत, पुढाऱ्याने कडेवर घेणं नको. तरी प्रत्येक प्रचारफेरीत उपरणं घातलेली पोरं तुम्ही मोजू शकता. तिथे पालकांचा ग्रुप चिडीचूप. मूल मिरवणुकीत मोठ्यांच्या ओळी म्हणत असेल तर कोणाला टोचत नाही, स्वतःचं वाक्य फलकावर लिहून आलं की बालहक्क आठवतात. २०२२ मध्ये मुंबईत मेट्रो कारशेडविरुद्धच्या आरे वाचवा आंदोलनात मुलं दिसली तेव्हा राष्ट्रीय बालहक्क आयोगाने आदित्य ठाकरेंवर गुन्हा नोंदवा असं मुंबई पोलिसांना कळवलं होतं.

स्पष्टवक्ता_नाना

मग काय चुकलं आयोगाचं? पुढारी मुलांना पुढे करतात हे तुम्हीच वर म्हणालात.

आईच्या_आयडीवरून

(आई शेजारी बसलीय, परवानगीने लिहितेय. मी १६ ची.)

त्या जुलैत मी आरेला गेले होते. पाचवी झाली होती. घर गोरेगावात, शाळेच्या सहली आरेत, बाबांचे एक मित्र तिथल्या पाड्यावर राहतात. फलक मी स्वतः रंगवला होता, स्केचपेन संपलं म्हणून अर्धा हिरवा अर्धा निळा. कोणत्याही नेत्याला मी पाहिलं नाही. मग बातम्यांत आलं की मुलांना वापरलं. आयोगाला एवढी काळजी होती तर तिथे आलेल्या एखाद्या मुलीला विचारायचं होतं की बाळ, तू का आलीस. मला तरी कोणी विचारलं नाही.

पण मला दुसरंच सांगायचंय. माझा तो फोटो कोणीतरी काढला आणि पोस्ट केला. फोटो काढणारे आंदोलनातलेच होते, चांगल्या हेतूने. खाली ज्या कमेंट आल्या त्या आईने मला दोन वर्षांनी दाखवल्या. एकाने माझ्या दातांवर लिहिलं होतं. नंतर त्या फोटोवर वेगळाच मजकूर टाकून कोणीतरी तो फिरवला, तो अजून सापडतो. आता मेट्रो सुरू आहे, मीही तिने जाते, आणि त्यावरूनही मला वर्गात ऐकवतात की तू तर विरोध केला होतास. अकरा वर्षांची असताना केलेली गोष्ट आहे हो.

मी पुढेही जाणार आहे. फक्त चेहरा दिसेल असा फोटो काढू देत नाही आणि इन्स्टावर ठिकाण टाकत नाही. मोठ्या माणसांनी आम्हाला येऊ नका सांगण्यापेक्षा आमचे फोटो टाकणं थांबवलं तर जास्त बरं.

मेलबर्नकर

बाळा, हे वाक्य मी इथल्या पालकांच्या सभेत वाचून दाखवू का? नावाशिवाय.

आईच्या_आयडीवरून

हो, चालेल.

स्पष्टवक्ता_नाना

पोरी, तुझ्याशी वाद घालत नाही. फोटोचं शंभर टक्के पटलं. आमच्या गणेशमंडळालाही सांगतो, तिथेही लहान मुलींचे रील टाकायची हौस फार.

दुपारचा_तास

मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर बारावी_२०२२ आणि या मुलीने मिळून दिलं असं मला वाटतं. मुलाने 'जाऊ का' विचारलं तर आता मी उलट विचारणार: कोणी बोलावलंय? त्याचं नाव-गाव ठाऊक आहे का? तुझी मागणी एका वाक्यात सांग. ती आधी कोणाला लिहून दिली आहेस का? नसशील तर आधी आपण लिहू, मी सही करते. एवढं करूनही जायचं असेल तर बरोबर कोण आहे आणि परत कसं येणार. धारावी आणि दरेवाडी यांतला फरक मला या प्रश्नांत दिसतो. ढाक्यातल्या ४ ऑगस्टला मात्र यातला एकही प्रश्न पुरा पडत नाही, तेही दिसतंय.

एक विचारायचं राहिलं. काळा_कोट, समजा मूल गेलं आणि पोलिसांनी ताब्यात घेतलं, तर शिक्षकाने किंवा पालकाने नेमकं काय म्हणायचं?

काळा_कोट

पहिलं वाक्य: 'हे १८ खालचं आहे.' वयाचा पुरावा फोनमध्ये ठेवा, आधार नको, शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला. बालन्याय कायद्याने मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेडी नाही. ताब्यात घेतल्यावर २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बालन्याय मंडळासमोर न्यावं लागतं, पालकांना कळवावं लागतं. बाल कल्याण पोलिस अधिकारी कोण ते विचारा, प्रत्येक ठाण्यात असतो. दाद लागेना तर १०९८.

मुलाची चौकशी गणवेशातल्या पोलिसांनी करायची नसते. बिदरच्या शाळेत २०२० मध्ये नाटकावरून राजद्रोहाचा गुन्हा लागला, पोलिसांनी मुलांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. गणवेशात आणि शस्त्रांसह केलेल्या त्या चौकशीवर कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढे ताशेरे ओढले, आणि २०२३ मध्ये गुन्हाच रद्द केला. बिदर उदगीरपासून लांब नाही, तेव्हा 'आपल्याकडे असं होत नाही' म्हणू नका.

दुपारचा_तास

हे छापून शिक्षकखोलीत लावते.

काळा_कोट

लावा. मुख्याध्यापकांनी काढलं तर इथे कळवा.

चहाटळ

आणि काढलं तर आधी लेखी अर्ज द्या, सही मी करतो.